मुंबईतल्या मासळीच्या खानावळी : पावसाळ्यासकट अनुभव

नोकरीसाठी सोलापूरहून दादरला आलो तेव्हापासून दुपारचं जेवण बाहेरच. गावाकडे मासे म्हणजे उजनीची चिलापी, नाहीतर बर्फातून आलेली सुरमई. त्यामुळे इथे मासळी मनसोक्त खायची, हे आधीच ठरलेलं. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी उलटून गेल्यावर हे लिहितोय.

पापलेटवरून खानावळ जोखू नका. ते महाग असतं आणि कुठेही बऱ्यापैकीच लागतं. 2023 मध्ये त्याला राज्यमासा केलं, तरी ताटात येतात ती बरेचदा पिल्लंच. परीक्षा घ्यायची ती बोंबलाची. बोंबलात पाणी फार. वजनाखाली दाबून ते काढायचं, मग रवा लावून तळायचं. ताजा असला तर बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. शिळा असला की रव्याचं कवच एकीकडे आणि आतला लगदा दुसरीकडे. दादरच्या सिंधुदुर्ग आणि चैतन्यमध्ये मला बोंबील जवळजवळ नेहमीच चांगला मिळाला. पार्ल्याच्या गजालीत त्याहून सरस, पण पगाराच्या आठवड्यातच परवडतो. दुसरी खूण मांदेलीची. हा स्वस्त, काटेरी मासा जिथे नीट साफ करून कडक तळतात, तिथलं बाकीचं जेवण डोळे झाकून मागवावं.

आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, त्यामुळे ससून डॉक आणि भाऊचा धक्का थंडावतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, म्हणून त्यानंतर तिकडचा माल बर्फातून येतो, बाकी शीतगृहातला. थोडक्यात, समुद्र दिसत असूनही ते दोन महिने मासळीपुरती मुंबई म्हणजे सोलापूरच! बर्फातला मासा देण्यात गैर काही नाही, पण सांगा तरी. ऑफिसजवळच्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) ऐन जुलैत ‘ताजा रावस’ म्हणून पांढरा, बिनकाट्याचा, ना वास ना चव असा तुकडा पुढ्यात आला. सरळसरळ बासा, म्हणजे रावसाच्या नावाने खपवलेला स्वस्तातला मासा. विचारलं तर वेटर म्हणतो, “रावसच आहे साहेब, काटे काढलेत.” त्यानंतर ती पायरी चढलो नाही.

याउलट लालबागच्या एका छोट्या खानावळीतल्या मावशींनी ऑर्डर घेतानाच सांगितलं, “सुरमई बर्फातली आहे रे, त्यापेक्षा सुकट घे.” कांद्यावर परतलेली सुकट, वांगं घातलेलं सुक्या बोंबलाचं कालवण आणि तव्यावरून थेट ताटात आलेली तांदळाची भाकरी. त्या पावसाळ्यातलं सर्वांत चांगलं जेवण तेच, आणि बिल थाळीच्या निम्मंही नाही.

गावाकडचे मित्र विचारतात, इकडे सोलापुरात चांगली मासळी कुठे मिळेल? हॉटेलचं नाव मी काय सांगणार, पण मागवायचं काय ते सांगतो. लांबून यायचं तर सुरमई आणि कोळंबी बर्फात बऱ्यापैकी टिकतात. बोंबील, मांदेली यांच्या वाटेला जाऊ नका. मेनूकार्डावर वीस प्रकारचे मासे असतील तर आज नक्की काय आलंय ते विचारा आणि मसाला लावण्याआधीचा तुकडा बघायला मागा. आणि चिलापी ताजी मिळत असेल तर तिलाच हो म्हणा की, तिने काय घोडं मारलंय?

मुंबईत एक तक्रार मात्र पुष्कळ ठिकाणी कायम आहे : सोलकढी. नारळाचं दूध नावाला आणि पाणीच जास्त. लालभडक, पारदर्शक दिसली तर परत पाठवा आणि ताक मागवा.