उघाडी की लाटा? सौरकण आत येतात कसे

खारजमिनीचा बांध पाहिलाय ना? भरतीचं पाणी शेतात दोन वाटांनी घुसतं: उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप निसटली तर भसाभसा, नाहीतर बांधाला घासत जाणाऱ्या लाटांनी थोडं थोडं. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचंही जवळपास तसंच.

उघाडी म्हणजे चुंबकीय पुनर्जोडणी. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलेली कल्पना. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने येतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, की कवचाच्या सूर्याकडच्या कडेवर ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या नेमकं उलट पडतं. दोन्ही क्षेत्रांच्या रेषा तुटतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि मागे, सूर्यापासून दूर लांबलेल्या कवचाच्या शेपटाकडे ओढल्या जातात. तिथे पुन्हा जोडणी झाली की कण पृथ्वीकडे फेकले जातात.

लाटांची वाट म्हणजे केल्विन-हेल्महोल्ट्झ भोवरे. सौरवाऱ्याचं क्षेत्र उत्तरेकडे असतानाही, तो कवचाच्या कुशींना घासत जातो तिथे ते उठतात आणि प्लाझ्मा, म्हणजे त्याचा भारित कणांचा वायू, आत मिसळतो. अवकाशातल्या क्लस्टर यानांना ते नोव्हेंबर २००१ मध्ये दिसले. गंमत म्हणजे त्या भोवऱ्यांतही बारीकशी पुनर्जोडणी होतेच!

तरी मोठ्या चुंबकीय वादळाचा, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जोरात ढवळून निघण्याचा, दोष मी उघाडीलाच देईन. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. वादळात तिथे आकाशात काही दिसत नाही. फक्त उपकरणावरची, क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्राची रेघ ओहोटीसारखी खाली जाते.