बाजारातलं पिल्लू की कुणी सोडलेला ससा?

कानडीत सशाला 'मोल' म्हणतात. बेळगावच्या बाजारात मी पहिल्यांदा ससे घेतले तेव्हा विकणाऱ्याशी माझी सगळी चर्चा मराठी मोलाचीच झाली, कानडी मोलाबद्दल मी एक प्रश्न विचारला नाही. तीनशे रुपयांत दोन पिल्लं, आणि वर "दोन्ही माद्या हैत की, काळजी करू नका" अशी खात्री. पाच महिन्यांनी एका सकाळी त्यातली एक तोंडात भाताचं पिंजर धरून कोपऱ्यात नेताना दिसली. मग ती स्वतःच्या पोटाचे केस उपटून त्यावर अंथरायला लागली. दुपारी त्या केसांखाली सात उघडीनागडी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती.

पुढे काही वर्षांनी टिळकवाडीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांचा दोन वर्षांचा भुरा नर आमच्याकडे आला. म्हणजे दोन्ही अनुभव पदरी आहेत. पहिल्यांदाच ससा पाळणाऱ्याला मी दुसराच रस्ता सांगते, पण तो सरसकट सोपा आहे असं नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ऊसतोडणीत फडात सापडलेलं सशाचं पिल्लू घरी आणणं म्हणजे दत्तक घेणं नव्हे. तो रानससा. पाळीव ससा मूळचा युरोपातला, ही जातच वेगळी. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि घरात तो बहुधा भीतीनंच मरतो. त्याची आई दिवसभर लांब असते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. तेव्हा पिल्लू धडधाकट असेल तर तिथंच बांधाकडेला गवतात ठेवावं.

आता मूळ प्रश्न. पिल्लू गोड दिसतं, इतकंच त्याच्या बाजूचं. आठ आठवडे आईजवळ राहायला हवं, पण बाजारात महिन्याचं पिल्लू "दोन महिन्याचं आहे" म्हणून खपवतात. त्याचं आतडं अजून चाऱ्याला सरावलेलं नसतं; जुलाब लागले की दोन दिवसांत खेळ आटोपतो. नर-मादी त्या वयात जाणकारालाही चकवतात. किती मोठं होणार, चिडकं निघणार की शांत, काहीच कळत नाही. आणि सशाचं आयुष्य आठ ते बारा वर्षांचं. दहावीतल्या पोरासाठी आणलेला ससा, पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलं की आईच्या गळ्यात. लोक ससे सोडून देतात ते बहुतेक असेच.

मोठा ससा मात्र जसा आहे तसा समोर बसलेला असतो. आमचा भुऱ्या एका ठरलेल्या कोपऱ्यातच लघवी करायचा, उचललेलं त्याला खपत नसे आणि कुकरच्या शिट्टीला मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. हे सगळं पहिल्याच भेटीत कळलं. पिल्लाच्या बाबतीत याला सहा महिने लागतात.

पण मोठ्याबरोबर जुन्या सवयीही येतात. भुऱ्या चपाती-बिस्किटावर वाढलेला. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि झिजतात ते गवत चावूनच. चपातीवरच्या सशाच्या दाढा वाढून जिभेला-गालाला टोचायला लागतात, मग तो खाणंच टाकतो. म्हणून आणायच्या आधी पुढचे दात सरळ जुळतात का बघा. कानात पापुद्रे-खपल्या दिसल्या तर खरूज. पुढच्या पायांची आतली बाजू ओली, गुंतलेली असेल तर तो सारखं नाक पुसतोय, म्हणजे सर्दी आहे. तळपायाचे केस जाऊन कातडी लाल झाली असेल तर तारेच्या पिंजऱ्यात दिवस काढलेत. यातलं काही दिसलं म्हणून नाही म्हणायची गरज नाही, खर्चाचा अंदाज तेवढा येतो.

खर्चाचा खरा फरक नसबंदीत. पिल्लू तीनशेला मिळालं तरी हे ऑपरेशन तुमच्याच खिशातून. मादीचं तर करायलाच हवं, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. शिवाय गर्भ जेमतेम एक महिन्याचा, आणि व्याली की त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. कुणी नसबंदी झालेला ससा देत असेल तर दुसरा विचार करू नका. आधीपासून एकमेकांच्या अंगावर रेलून बसणारी जोडी मिळाली तर आणखी बरं. दोन अनोळखी सशांची मैत्री जमवणं नवख्याचं काम नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न डॉक्टरचा, आणि तो दोन्हीकडे सारखाच. आपल्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात म्हशी-बैलांवर बसलेला, शहरात फार तर कुत्र्या-मांजरांवर. ससा आणायच्या आधी फोन करून एकच विचारा: "ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचा का?" "हो" म्हणाले तर दुसरे शोधा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊ नये म्हणून; सशाला उलटीच होत नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडं थांबतं. तोंडावाटे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन देणंही सशाच्या जिवावर येतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा तर अजिबात नको. सशाची माहिती असलेला डॉक्टर बेळगावात नाहीच मिळाला, तर अडीअडचणीला कोल्हापूर किंवा हुबळी गाठायची तयारी हवी. ती नसेल तर पिल्लूही नको आणि मोठाही नको.

जागेचं म्हणाल तर खानापूर-जांबोटीकडच्या पावसात आणि अथणीच्या उन्हात फार अंतर आहे. सशाला थंडी सोसते, तिशीच्या वरचा पारा सोसत नाही. पत्र्याखाली मे महिन्यात ठेवलेला ससा दुपारीच जातो. शहाबादी फरशीचं माजघर असेल तर उत्तम, फक्त पाय घसरू नयेत म्हणून गोणपाट टाका. भर उन्हाळ्यात पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की भुऱ्या तिला टेकून पसरायचा. पावसाळ्यात उलटं. चारा बुरसतो, आणि मागचा भाग ओला राहिला तर माश्या अंडी घालून अळ्या पडतात. रोज शेपूट उचलून बघायचं, लाजायचं नाही.

चाऱ्यासाठी बाहेरून येणारं महागडं गवतच हवं असं नाही. शिवारातली फवारा न मारलेली हरळी सावलीत वाळवा, ढीगभर घाला. येळ्ळूरकडून पिंजर मिळतं, ते अंथरायला ठीक, पण त्यावर पोट भरू नका. त्यात कस नाही. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला थोडा. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्याला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमनं लघवी खडूसारखी घट्ट होते. गाजर म्हणजे पेढा, तेवढंच. निपाणीकडच्या घरांत तंबाखूचं पान त्याच्या तोंडाशी येणार नाही असं ठेवा, कारण हे जनावर चपलेपासून चार्जरच्या वायरीपर्यंत सगळं कुरतडतं.

घरात लहान मूल असेल आणि त्याला कवटाळायला काहीतरी हवं असेल, तर दोन्ही पर्याय चुकीचे. धरलेला ससा सुटण्यासाठी इतक्या जोरात लाथ मारतो की त्याचाच कणा मोडू शकतो.

मोठा ससा आणायचं ठरलंच, तर जुन्या घरचं अंथरूण न धुता बरोबर आणा आणि चपातीची सवय दोन आठवड्यांत हळूहळू मोडा. पहिल्या रात्री जवळ जाऊ नका. सकाळी उठल्यावर आधी लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या हव्यात. कधी द्राक्षाच्या घोसासारखी मऊ लेंडी दिसली तर घाबरू नका, ती तो स्वतःच खातो, तेही त्याचं अन्नच. पण अर्धा दिवस लेंडीच नाही आणि समोर ठेवलेली कोथिंबीरही हुंगली नाही, तर रविवार असला तरी डॉक्टरांना फोन लावा.