बालकांच्या एचआयव्ही उपचार केंद्रातील सेवा: एका पालकाचा अभिप्राय

माझ्या भाचीचे उपचार ज्या केंद्रात चालतात, तेथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि समुपदेशक यांचा आपसातील मेळ. तपासणी सुरू होण्यापूर्वी ही मंडळी त्या दिवशी येणाऱ्या मुलांच्या नोंदी एकत्र बसून पाहतात. मुलांच्या औषधाची मात्रा वजनानुसार बदलत असल्याने हे फार महत्त्वाचे आहे. भाचीचे वजन 20 किलोपर्यंत पोहोचल्याचे परिचारिकेने नोंदवले आणि डोल्युटेग्राविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांऐवजी 50 मिलिग्रॅमची एकच गोळी त्याच भेटीत हाती आली.

पुढे एकदा रक्तातील विषाणूंचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हा कोणीही आम्हाला दोष दिला नाही. औषध बदलण्याची घाई न करता समुपदेशकांनी गोळी नेमकी कधी चुकते हे शांतपणे विचारले, आणि नातेवाइकांसमोर औषध घेण्यास मूल कचरते हे आमच्याही लक्षात न आलेले कारण पुढे आले. गोळीची वेळ बदलली, पाठपुरावा झाला, प्रमाण पुन्हा खाली आले. आजाराविषयी मुलीला तिच्या वयाला झेपेल असे टप्प्याटप्प्याने सांगण्याची आखणीही सर्वांनी मिळून केली, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

उणीव एकच, पण गंभीर: किशोरवयीन मुलांना प्रौढांच्या विभागात पाठवताना दोन्हीकडच्या डॉक्टरांची संयुक्त भेट होत नाही. ती व्यवस्था लवकर व्हावी. लहान मुलांच्या पालकांना मात्र मी हे केंद्र निःसंकोच सुचवेन.