लोत्रेक, मुखा की कासांद्र: पोस्टर शिकायला आधी कुणाला धरायचं?

लोत्रेक, मुखा, कासांद्र हे पॅरिसमध्ये गाजलेले तीन जुने पोस्टर-चित्रकार, यांतला आधी कोण? अप्लाइड आर्टला नुकतेच लागलेले किंवा नोकरी सांभाळून घरी डिझाइन शिकणारे, सगळे हाच प्रश्न विचारतात आणि खरं सांगायचं तर विचारायच्या आधीच बहुतेकांनी मनात मुखा ठरवलेला असतो, कारण ते केस, ती फुलं, डोक्यामागचं ते गोल वलय, बघितल्या बघितल्या माणूस खलास. माझं मत आधीच देऊन टाकतो. शिकायचं असेल तर आधी लोत्रेक, मग कासांद्र, मुखा सगळ्यात शेवटी. हॉलमध्ये लावायला प्रिंट घेताय? मग डोळे झाकून मुखा घ्या, पुढचं वाचू पण नका.

आता लोत्रेक का ते सांगतो. आँरी द तुलूझ-लोत्रेक, जन्म 1864, दक्षिण फ्रान्समधलं आल्बी, घराणं सरदारांचं, आईवडील सख्खी मावसभावंडं. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकामागोमाग एक दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पायांची वाढच थांबली, उंची राहिली पाच फुटांच्या आसपास. पैशाची ददात नव्हती त्यामुळे पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या नाचघरांत, कॅफेंत बसून जे बघायचं ते बघितलं, दारूही तिथेच लागली आणि 1901 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. पोस्टरं केली जेमतेम तीसेक. पण 1891 चं मूलां रूज या नाचघराचं पोस्टर उघडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. मधोमध ला गुल्यू ही नर्तकी नाचतेय, पाय वर, पांढरा पेटीकोट म्हणजे चक्क कोरा कागद सोडलाय. मागची गर्दी? सगळी माणसं मिळून एकच काळी सावली, त्यात फक्त टोप्यांच्या कडा कळतात. पुढे तिच्या जोडीदाराची करड्या रंगाची आकृती अर्धी कापलेली. नाचघराचं नाव तीन वेळा लिहिलंय. बास, संपलं.

हे असं का जमलं त्यात तेव्हाच्या छपाईचाही हात आहे. शिळाछाप म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, रंग वाढला की दगड वाढला, खर्च वाढला, म्हणून चार-पाच रंगांत भागवायचं आणि कागदाचा रंगही कामाला लावायचा. (आपल्याकडे रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत 1894 ला सुरू झाला तोही याच तंत्रावर, पण तिथे देवादिकांच्या चित्रांना ढीगभर दगड लागायचे, गणितच वेगळं.) लोत्रेक टूथब्रशने शाई उडवून बारीक ठिपक्यांचा टोन काढायचा, तेवढीच काय ती चैन. कॉम्प्युटरवर आपल्याला रंग फुकट मिळतात ना, म्हणून हा धडा आपल्याला जास्त लागतो. एक करा, त्याचं 1893 चं दिव्हाँ जापोने या कॅफेचं पोस्टर घ्या आणि रंगीत कागद कापून चार रंगांत परत बसवा. त्यात स्टेजवरच्या गायिकेचं डोकंच वरच्या कडेला कापलंय, तरी त्या लांब काळ्या हातमोज्यांवरून पॅरिसमधल्या कुणालाही कळत होतं की ही इवेत गिल्बेर. गिऱ्हाइकं नेहमी खूश असायची असं नाही हां, आरिस्तीद ब्रुआँ या गायकाचं पोस्टर कॅफेच्या मॅनेजरला अजिबात आवडलं नव्हतं, ब्रुआँच अडून बसला की हे लावलं तरच मी गाणार.

मुखाची गोष्ट उलटी. मोराव्हियातल्या (आताच्या चेक देशातल्या) इव्हान्चित्सेचा, जन्म 1860, पॅरिसमध्ये पुस्तकांची चित्रं काढून कसंबसं भागवत होता. 1894 च्या नाताळात छापखान्यात बाकी कुणी हाताशी नव्हतं म्हणून सारा बर्नार या बड्या नटीच्या ‘जिस्मोंदा’ नाटकाचं काम त्याला मिळालं असं सांगतात, आणि 1 जानेवारी 1895 ला जिस्मोंदाचं पोस्टर भिंतींवर लागलं. दोन मीटरहून उंच, अरुंद, जवळपास माणसाच्या मापाची बाई. बर्नारने थेट सहा वर्षांचा करार केला. ड्रॉइंग जबरदस्त आहे त्यात वादच नाही, जॉब या सिगारेट कागदाच्या पोस्टरात चित्रातल्या बाईच्या डोक्याने ब्रँडचं नाव अर्धं झाकलंय तरी ते वाचता येतं आणि मागच्या नक्षीतही तीच अक्षरं गुंफलीत, ही हुशारी कुणाच्या लक्षात येत नाही. अडचण अशी की शिकणारे ही हुशारी सोडून केस आणि वेलबुट्टी तेवढी उचलतात आणि मग पोस्टर लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागतं. त्याच्या त्या सगळ्या नक्षीखाली मॉडेलचे फोटो काढून केलेला पक्का अभ्यास आहे, फिगर ड्रॉइंग कच्चं असेल तर तो झेपत नाही. शेवटी म्हणतो ते यासाठीच. आणि गंमत बघा, त्याला स्वतःला पोस्टरांच्या नावाचं फारसं कौतुक नव्हतं, पुढची अठराएक वर्षं त्याने स्लाव इतिहासावरच्या वीस अवाढव्य कॅनव्हासवर घालवली. 1939 ला जर्मन प्रागमध्ये शिरल्यावर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशीला नेलं, त्याच जुलैत गेला.

कासांद्रचं आयुष्य थोडक्यात: 1901 ला खारकीव्हमध्ये फ्रेंच घरात जन्म, खरं नाव आदोल्फ मुरों, आणि 1968 ला पॅरिसमध्ये आत्महत्या. अक्षर आणि चित्र एकत्र कसं बांधायचं ते शिकायचं असेल तर याच्यासारखा कोणी नाही. 1927 चं एत्वाल द्यू नॉर (म्हणजे ‘उत्तरेचा तारा’) हे रेल्वेचं पोस्टर आहे आणि त्यात रेल्वेगाडीच नाहीये, नुसते रूळ लांब जाऊन एका ताऱ्याशी मिळतात. 1935 च्या नॉर्मंडी जहाजाच्या पोस्टरात खाली पाण्याजवळ चिमुकले पक्षी आहेत, ते बोटाने झाका म्हणजे कळेल जहाज एवढं मोठं कशामुळे वाटतं ते. बिफुर, पेन्यो हे टाइपफेसही याचेच. लोगो, ब्रँडिंगकडे जायचं पक्कं असेल तर लोत्रेकवर महिनाभर काढून सरळ याच्याकडे या, मुखाला टांग मारली तरी चालेल. इलस्ट्रेशनमध्ये जायचं असेल तर मात्र मुखाला पर्याय नाही, तो करावाच लागतो.

अजून एक, कॉपी करून टीशर्ट किंवा प्रिंट विकायचा विचार असेल त्यांच्यासाठी. भारतात कॉपीराइट कलाकार गेल्यानंतर 60 वर्षं चालतो. लोत्रेक आणि मुखा दोघेही कधीच मोकळे झालेत. कासांद्र 2028 संपेपर्यंत नाही, आणि युरोपात तर 70 वर्षं धरतात म्हणजे 2038. त्याचा सराव वहीतच ठेवा, ऑनलाइन दुकानात टाकू नका.