तांड्यावरच्या शाळेतलं 65 इंची टच पॅनल: दीड वर्ष वापरून

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात, बंजारा तांड्यावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट 41. दीड वर्षापूर्वी लोकवर्गणीतून हे पॅनल घेतलं, सव्वा लाखाला. त्यात ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हातात पडल्याबरोबर लोकांनी आणून दिलेले पैसे आहेत, म्हणून जे खरं ते लिहिते. दुसऱ्या शाळांचे फोनही सारखे येतात.

आधी टचबद्दल. याच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, बोट आडवं आलं की त्याला जागा कळते. त्यामुळं पहिलीची लेकरं बोटानं, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं, कशानंही गिरवतात. आमच्या वर्गाची खिडकी मात्र पश्चिमेला. तीन वाजले की पडद्यावर आपोआप रेघा उठायच्या. पुरवठादाराला चार वेळा फोन केले, दरवेळी एकच उत्तर, ‘बंद करून चालू करा.’ शेवटी आमचंच लक्ष गेलं, चौकटीवर ऊन पडलं की असं होतं. खिडकीला जाड चादर लावली, रेघा थांबल्या. खडूची धूळही चौकटीच्या खाचेत बसते. दर शनिवारी रंगाच्या कोरड्या ब्रशनं काढतो.

दुसरं, इन्व्हर्टर आधी घ्या, पॅनल नंतर. आमच्याकडं दिवसा लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

माझा खरा राग आहे तो सोबत आलेल्या ‘संपूर्ण अभ्यासक्रमा’वर. तो वर्षभराच्या परवान्यावर होता, हे पैसे भरल्यावर कळलं. 2025 च्या जूनला पहिलीची पुस्तकं बदलली, यांचे धडे मात्र जुनेच राहिले. नूतनीकरणाचं बिल तेवढं वेळेवर आलं. आम्ही ते भरलं नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, सरकारच्या दीक्षा ॲपमधले व्हिडिओ आधी उतरवून ठेवले की नेट नसतानाही चालतात. पुस्तकावर कोड लावायची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत डिसले गुरुजींनी दाखवली. आणि ते फुकट आहे! सव्वा लाखात विकत घ्यायचं ते यंत्र, धडे विकत घेऊ नका.

आता यंत्राचं मोल कशात आहे ते सांगते. तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो. मी नकाशावर माजलगावचं धरण दाखवत होते, तर एक मुलगा उठला, म्हणाला, ‘बाई, आमचा कारखाना दाखवू?’ म्हणजे आई-बाप ऊस तोडायला जातात तो साखर कारखाना. पडद्यावर बोट ठेवून तो धारूरहून निघाला. केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, थेट सांगलीपर्यंत. ट्रक चहाला कुठं थांबतो, त्याच्या याडीला, म्हणजे आईला, कुठल्या घाटात उलटी झाली, सगळं सांगितलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारं लेकरू. मग सगळ्यांनी आपापले कारखाने शोधले, अंतरं मोजली, वहीत लिहून त्यांच्या बेरजा केल्या. तो तास दीड तास चालला. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी लेकरं त्या दिवशी मराठीत भांडत होती, कुणाचा रस्ता लांब म्हणून.

आणि रेकॉर्डिंग. पॅनलवर लिहिताना माझा आवाज आणि अक्षर दोन्ही साठवता येतात. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आई-बापामागं ऊसतोडीला जातो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत. मागच्या वर्षी जाणाऱ्या प्रत्येक घराला एक मेमरी कार्ड दिलं, त्यात माझे तीसेक धडे, प्रत्येक आठ-दहा मिनिटांचा. बापाच्या फोनमध्ये घातलं की झालं, नेट लागत नाही. किती जणांनी पाहिले, हे मला सांगता येणार नाही. दोन कार्डं गाण्यांनी भरून परत आली.

पण एप्रिलमध्ये चौथीतली एक मुलगी परत आली. 612 भागिले 6 फळ्यावर घातलं. गावात राहिलेल्यांतल्या पाच जणांनी 12 लिहिलं. तिनं 102 लिहिलं. शून्य कुठून आलं विचारलं, तर माझ्याच चालीवर म्हणाली, ‘एक खाली घेतला, भाग जात नाही, जागा रिकामी सोडायची नाही, शून्य द्यायचं.’ हे वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा म्हटलं आहे. कोपीत रात्री फोन मोकळा झाला की ती लावायची, असं तिची आई म्हणाली, ‘मॅडम, तुमचा आवाज आम्हालाबी पाठ झाला.’

तिचा धाकटा भाऊ आता दुसरीत आहे. यंदा दसऱ्याच्या आत 19 कार्डं भरायची आहेत, त्यात दुसरीचं वाचन पहिल्यांदाच घालते आहे.