आपल्यापुरतं लिहावं, की वाचणारा धरून?

आईच्या पाककृतींच्या वहीत कैरीच्या लोणच्याखाली एक ओळ आहे : ‘मीठ मागच्यापेक्षा कमी, मोहरी तेवढीच.’ तिला तेवढं पुरत होतं. आता ‘मागचं’ म्हणजे कोणत्या साली घातलेलं, हे विचारायला ती नाही. वही सुरू करावी असं मनात असेल, तर ती कशी आहे याआधी ती कुणासाठी आहे ते ठरवा.

आपल्यापुरतं लिहायला वेळ लागत नाही. कालनिर्णयच्या चौकटीत आपण लिहितोच की, ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’. क्रियापद असलं तर असलं. म्हणून ते डिसेंबरपर्यंत टिकतं. दुसऱ्याला कळेल असं लिहायचं तर कोण, कुठे, कशासाठी, सगळं सांगावं लागतं, आणि रोज पानभर सांगायचं म्हटलं की जानेवारीतली डायरी फेब्रुवारीत कोरी पडते. माझ्याकडे अशा चार आहेत. एकीत इस्त्रीवाल्याचा हिशोब आहे.

खरा फरक मजकुरात पडतो. नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं उदाहरण घ्या, कारण तिने एकच डायरी दोन्ही तऱ्हांनी लिहिली. १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवसाला, तिला वही मिळाली. २८ मार्च १९४४ला रेडिओवर एका डच मंत्र्याने सांगितलं, की युद्धानंतर साध्या माणसांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील. मे महिन्यात तिने सुट्या कागदांवर जुना मजकूर नव्याने लिहायला घेतला. भाषा घोटीव झाली, प्रसंग बांधेसूद झाले. पण आईविषयीचा राग मवाळ झाला आणि तिथेच लपलेल्या पीटर या मुलाबद्दलचं बरंचसं गळलं. तिच्या वडिलांनी १९४७मध्ये पुस्तक काढताना दोन्ही खर्डे वापरले. लेखन म्हणून दुसरा खर्डा सरस असेल, पण रागावलेली मुलगी पहिल्यात जास्त आहे. कुणी वाचेल या नुसत्या शंकेनेही हात आखडतो. म्हणून भांडण, भीती, नोकरी सोडावी का, असलं काही लिहायचं असेल तर मी बेधडक आपल्यापुरत्या वहीच्या बाजूने आहे.

आता कुणी चोरून वाचलं तर? सॅम्युअल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ची रोजनिशी लघुलिपीत लिहिली. पुढे १८१९पासून जॉन स्मिथने तीन वर्षं खपून ती उलगडली. त्या लघुलिपीचं पुस्तक पेप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, हे स्मिथला ठाऊक नव्हतं! आपल्याकडे कित्येक घरांत आजोबांचे मोडीतले कागद आहेत, तिथे कुलूप न लावताही तेच झालं. गुपित राहिलं आणि शेताचा हिशोबही गेला. फोनमधल्या टिपणांचं वेगळं नाही. पासवर्ड एकट्यालाच माहीत असेल तर ती त्याच्याबरोबरच जातात.

तेव्हा बँकेची खाती, घराचे कागद, औषधांच्या वेळा, पाककृती हे सगळं परक्याला कळेल असं लिहा. तारीख घाला, माप घाला, ‘नेहमीचं दुकान’ न लिहिता दुकानाचं नाव लिहा. साखरेचे आकडे मधल्यात येतात : ‘उपाशी ११८’ एवढं तुम्हाला चालतं, पण डॉक्टरांना तारीख लागते. मनातलं मात्र वेगळ्या वहीत, तिथे अर्धी वाक्यंही चालतील. दोन वह्या म्हणजे पसारा, हे कबूल. पण एकाच वहीत दोन्ही ठेवली, की लोणच्याच्या पानासाठी वही मागणाऱ्याला ती देताना आपण घुटमळतो.

यंदा मी आईच्या वहीत तिच्या ओळीखाली लिहिलं : ‘१२ मे. कैरी ५ किलो, मीठ १ किलो. खारट झालं, पुढच्या वेळी पाव किलो कमी.’ चाखून नणंदबाई काय म्हणाल्या, ते दुसऱ्या वहीत आहे.