कोरोनाची शेती-मदत: वेगाला पाच, न्यायाला अडीच

आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत मी शेतकऱ्यांचे हिशेब आणि टॅक्सचं काम बघते. मका, सोयाबीन आणि डुकरं, एवढंच इथलं जग. २०२० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेल्या मदतीचे, म्हणजे कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅमचे (सगळे 'सीफॅप' म्हणतात), बरेच अर्ज माझ्या टेबलावरून गेले. पाचपैकी गुण द्यायचे तर वेगाला पाच, न्यायाला अडीच.

आधी कौतुक. १७ एप्रिलला घोषणा झाली आणि २६ मेपासून अर्ज सुरू. काउंटीचं ऑफिस बंद दाराआड, सगळं फोन आणि ईमेलवर. आकडे शेतकऱ्याने स्वतःच्या सहीने सांगायचे, पुरावे मागितले तरच दाखवायचे. हे मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "आणि तलाठ्याचा दाखला?" नाही लागला, बाबा. मंजूर रकमेचे ८० टक्के आधी खात्यात, उरलेले मागाहून.

खरी गंमत सूत्रात होती. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव ५ टक्के किंवा जास्त पडला, तो पात्र. मक्यासाठी २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा भाग किंवा १५ जानेवारीला हातात असलेला, भाव न ठरलेला साठा, यातला जो आकडा लहान तो धरायचा. त्याच्या निम्म्यावर बुशेलला (इथलं धान्याचं माप) ६७ सेंट. माझ्या एका अशिलाचं पीक १ लाख बुशेल, त्यातलं ६० हजार अजून बिनमध्ये, म्हणजे धान्याच्या कोठीत. त्याला १६,७५० डॉलर बसले. शेजारच्याने तेवढंच पिकवलं, पण बँकेचा हप्ता तोंडावर आला म्हणून नोव्हेंबरातच सगळं विकून मोकळा झाला. त्याला शून्य. भाव वाढेल म्हणून थांबण्याची ऐपत ज्याची, त्यालाच मदत. नियम म्हणून चूक नाही, भाव पडला तेव्हा माल ज्याच्याकडे होता त्याचाच तोटा झाला. पण शेजाऱ्याला हे समजावताना माझी जीभ अडखळली.

भाजीवाल्यांचं आणखी अवघड. पहिल्या फेरीत जानेवारी ते एप्रिलमधलं नुकसान मोजायचं, आणि तेव्हा आमच्याकडे जमीन गोठलेली असते! सप्टेंबरात दुसरी फेरी आली तेव्हा कुठे शहाणपण सुचलं: २०१९ च्या विक्रीवर थेट टक्केवारी, ५० हजार डॉलरच्या आतल्या विक्रीला १०.६ टक्के. शनिवारच्या बाजारात बसून वर्षाला ४० हजारांची भाजी विकणाऱ्या एका बाईंना ४,२४० मिळाले. विक्री त्यांनी वहीत रोजच्या रोज लिहिली होती म्हणून माझं काम अर्ध्या तासात झालं. या फेरीत मक्यालाही सोपं गणित, एकरी किमान १५ डॉलर तरी नक्की.

सगळ्यात वाईट वाटलं ते कंपनीची डुकरं पोसणाऱ्यांचं. शेड यांचं, कर्ज यांचं, डुकरं मात्र कंपनीची. माल स्वतःचा नाही म्हणून दोन्ही फेऱ्यांत हात रिकामे. मांसप्रक्रियेचे कारखाने थंडावल्यावर यांची शेडं ओस पडली ती पडलीच. डिसेंबरातल्या कायद्याने त्यांची दखल घेतली, पण उशिरा. उलट एका व्यक्तीला प्रत्येक फेरीत अडीच लाख डॉलरपर्यंत घेता येत होते, आणि स्वतः शेतात राबणारे तीन भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. कागद नीट रचणाऱ्यांना ही वाट आधीपासून ठाऊक होती.

आणि हो, हे पैसे करपात्र आहेत. इथे शेतकरी सहसा १ मार्चच्या आत रिटर्न भरतात, त्यामुळे फेब्रुवारी २०२१ माझा याच वादात गेला. मदतीचा चेक ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत कधीच संपलेला, आणि समोर बसलेला माणूस विचारतोय, "मदतीवर कसला टॅक्स?" पुढच्या वेळी मंजुरीच्या पत्रावरच ठळक अक्षरांत छापा म्हणावं.